मुशीच्या आधी: हडफड्याचे नाणेसंग्राहक डॉ. जेर्सन द कुन्हा

मोरजीच्या तेंबवाड्यावरून दक्षिणेकडे पाहिले की शापोरा नदीचे मुख दिसते आणि पलीकडच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला. किल्ल्याच्या मागे हणजूण आणि त्याच्याही पलीकडे, काही मैलांवर हडफडे. आज चोपडे-शिवोलीचा पूल ओलांडला की हे अंतर काहीच वाटत नाही. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही नदी दोन राज्यांच्या मधली रेघ होती. अलीकडे सावंतवाडीकर भोसल्यांचे पेडणे, पलीकडे पोर्तुगीजांचे बार्देश. 1788 साली पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि नव्या काबिजादींत मोडू लागले. सत्ता बदलली तरी बाजारातील देवघेव एका दिवसात बदलत नाही. होन, मोहरा, शिवराई, मराठी व मोगली रुपये आणि पोर्तुगीजांची अशरफी ही सारी नाणी या किनाऱ्याच्या परिसरात हातोहात फिरलेली होती. त्यांची किंमत ठरवायची ती सराफाने, कसोटीच्या दगडावर आणि गुंजांच्या तराजूत.

या नाण्यांचा, विशेषतः गोव्याच्या टांकसाळीत पडलेल्या सोन्याच्या नाण्यांचा इतिहास ज्यांनी ती नाणी नाहीशी होत असतानाच लिहून ठेवला, ते डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा हडफड्याचे. व्यवसायाने ते डॉक्टर होते आणि त्यांची सारी कारकीर्द मुंबईत गेली. अभ्यासकांना ते मुंबईच्या आणि वसईच्या इतिहासाचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. गोव्यात त्यांची आठवण निघते ती बहुधा सह्याद्रिखंडाच्या वादात. नाण्यांवरचे त्यांचे काम मात्र नाण्यांच्या जाणकारांपुरतेच राहिले आहे. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निकडीचे काम तेच होते. जुना ग्रंथ दहा वर्षे उशिरा सापडला तरी वाचता येतो; सोन्याचे नाणे एकदा मुशीत गेले की मागे काहीच उरत नाही.

द कुन्हा यांचा जन्म 2 फेब्रुवारी 1844 चा. त्या काळी बार्देशातील शिकलेल्या ख्रिस्ती घराण्यांतील मुलांपुढे मोजकेच मार्ग होते: चर्च, पणजीतील सरकारी कचेरी, किंवा मग देशावर, म्हणजे बहुतेक वेळा मुंबईला जाणे. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि वैद्यकीचा नवा रस्ता खुला झाला. या रस्त्याने त्यांच्या आधी एक पेडणेकर जाऊन आला होता. मोरजीला लागूनच असलेल्या मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड हे या कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. भाऊ दाजींनी वैद्यकी सांभाळून शिलालेख वाचले, क्षत्रप आणि गुप्त राजांची नाणी जमवली व लावली, आणि 1874 साली ते वारले. त्यांच्या पाठोपाठ नदीच्या दुसऱ्या तीरावरचा आणखी एक डॉक्टर त्याच शहरात तेच दोन छंद घेऊन बसलेला दिसावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. रोगाची लक्षणे पाहून निदान करणारा डोळा झिजलेल्या नाण्यावरची अक्षरेही लावू पाहतो. शिवाय डॉक्टराच्या पेशात एक सोय असते. त्याला सर्व जातीधर्मांच्या घरांत प्रवेश असतो आणि त्याच्या हातात दोन पैसे खुळखुळत असतात.

द कुन्हा यांनी मुंबईचे शिक्षण संपवून विलायतेतील वैद्यकीय पदव्या मिळवल्या आणि परत येऊन मुंबईत दवाखाना थाटला. त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक नाण्यांवरचे नाही, इतिहासावरचेही नाही. ते डेंग्यूवरचे आहे. 1871-72 मध्ये मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. रोगी तपासता तपासता त्यांनी तिची लक्षणे, पूर्वीच्या साथींचा इतिहास आणि उपचार यांची मांडणी केली आणि 1872 साली ती प्रसिद्ध केली. आज दर पावसाळ्यात गोव्यात ज्या तापाच्या बातम्या छापाव्या लागतात, त्यावर एका हडफडेकराने दीडशे वर्षांपूर्वी पुस्तक लिहिले होते, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. या पुस्तकातही रोगाचा इतिहास आधी आणि औषध नंतर, हा त्यांचा स्वभाव दिसून येतो.

मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ग्रंथालय होते आणि आजही आहे. 1872 पासून 'इंडियन अँटिक्वेरी' हे पुरातत्त्वाला वाहिलेले मासिकही निघू लागले होते. द कुन्हा या दोन्ही ठिकाणी लिहू लागले. पुढची दहा वर्षे त्यांच्या लेखणीला विसावा दिसत नाही. मुंबईतील स्थळनामांवर लेख, 1875 मध्ये सिंहलद्वीपातील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास, 1876 मध्ये चौल व वसईच्या प्राचीन अवशेषांवरचे पुस्तक, आणि 1877 मध्ये स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची छापील संस्कृत संहिता. हे शेवटचे काम चौदा हस्तलिखिते ताडून केलेले आहे. कोकणातील ब्राह्मण जातींच्या उत्पत्तिकथा ज्या ग्रंथात आहेत आणि ज्यावरून पुढे कितीतरी वाद पेटले, तो ग्रंथ प्रथम छापून बाहेर आणला एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टराने. त्या काळच्या मुंबईत हे घडू शकले, याचे आज थोडे नवल वाटते.

पोर्तुगीज कागदपत्रांचे वाचन हे द कुन्हा यांचे खरे बळ होते. मुंबईतील इंग्रज पंडितांना संस्कृत येई, फारसी येई, परंतु लिस्बनमध्ये छापलेल्या जुन्या बखरी त्यांच्यापैकी थोड्यांनाच वाचता येत. द कुन्हांसाठी पोर्तुगीज ही लहानपणापासूनची भाषा. आणि नेमक्या याच सुमारास पोर्तुगालमध्ये जुने दस्तऐवज छापून बाहेर पडत होते. आंतोनियु नुनिश याने 1554 मध्ये तयार केलेली हिंदुस्थानातील वजने, मापे आणि नाण्यांची नोंदवही 1868 साली लिस्बनला छापली गेली. सोळाव्या शतकात गोव्यात कोणते नाणे कितीला चाले, याचा जणू दरफलकच त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आला. आता प्रत्यक्ष नाणी हवी होती.

येथून खरी अडचण सुरू होते. तांब्याचे नाणे झिजते, पण टिकते. त्याला वितळवून कोणाला फारसे काही मिळत नाही. सोन्याच्या नाण्याचे वैर त्याच्या स्वतःच्याच धातूशी असते. राजा बदलला की नवी टांकसाळ जुने नाणे वितळवते. भाव चढला की सावकार विकतो. मुलीचे लग्न निघाले की घरातले नाणे सोनाराकडे जाते आणि बांगडी होऊन परत येते. जे वितळत नाही त्याला कडी लावली जाते, भोक पाडले जाते, आणि नेमका राजाच्या नावाचा किंवा सालाचा भाग निघून जातो. कोकणातील सधन घरांतील पुतळ्यांची माळ हा याचा उत्तम दाखला. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस शहराचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे. 1284 पासून ते पाडले जात होते. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. नाण्यावरच्या या आकृत्यांवरून आपल्याकडे त्याचे नाव पुतळी पडले. पुढे सोनारांनी त्याची नक्कल सुरू केली, मूळ नाणे दिसेनासे झाले आणि नाव तेवढे दागिन्याला चिकटून राहिले.

या एका नाण्याच्या वजनाभोवती अरबी समुद्राचा सारा व्यापार कसा गुंफला गेला होता, हे पाहण्यासारखे आहे. पंधराव्या शतकात इजिप्तच्या अल-अश्रफ बार्सबाय या सुलतानाने डुकाटच्या तोडीचे सोन्याचे नाणे काढले. त्याच्या नावावरून ते अश्रफी झाले. होर्मुझमार्गे तो शब्द गोव्यात आला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा शेराफिं झाला. पुढे तो सोन्याचाही राहिला नाही, चांदीचा झाला. विजयनगरचा होन साधारण त्याच वजनाचा. त्यावरील 'प्रताप' या बिरुदावरून पोर्तुगीजांनी त्याला पार्दांव म्हटले, असे मानले जाते. म्हणजे गोव्याच्या बाजारातील दोन मुख्य नावांपैकी एक कैरोहून आले आणि दुसरे हंपीहून. राज्य लिस्बनचे असले तरी हिशेब इथलाच होता. द कुन्हा यांच्या लिखाणात हे पुन्हा पुन्हा जाणवते, कारण ते नाण्याकडे केवळ राजाच्या मुखवट्यासाठी पाहत नाहीत. ते बाजारात कोणत्या नावाने आणि कितीला चाले, हे विचारतात.

आफोंसु द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा जिंकताच इथे टांकसाळ सुरू केली. शहरात नाण्यांची टंचाई झाली होती आणि नव्या राजाची द्वाही फिरवण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग होता. नवे नाणे वाजतगाजत रस्त्यांतून मिरवल्याचे वर्णन जुन्या बखरींत आहे. सोन्याचे मानुएल, चांदीचे इश्फेरा आणि तांब्याचे लेयाल अशी ती पहिली नाणी. यांतील सोन्याची नाणी इतकी दुर्मीळ आहेत की अनेक संग्राहकांचे आयुष्य त्यांच्या दर्शनाविना संपले. त्यानंतर गव्हर्नर गार्सिया द सा याच्या 1548-49 च्या कारकिर्दीत निघालेले सांव तोमे हे गोव्याचे सर्वांत नावाजलेले सोन्याचे नाणे. एका अंगास पोर्तुगालचे राजचिन्ह, दुसऱ्या अंगास संत थॉमस. या संताने हिंदुस्थानात धर्मप्रसार केल्याची श्रद्धा इथल्या ख्रिस्ती समाजात होती, तेव्हा नाण्यावर त्याला आणणे हा मोठा धूर्त विचार होता. टांकसाळीची खूण म्हणून पुढच्या अनेक नाण्यांवर जी आणि ए ही दोन रोमन अक्षरे येतात. झिजलेल्या नाण्यावर संताचा चेहरा गेला तरी ही अक्षरे कधीकधी शिल्लक राहतात आणि तेवढ्यावरून ते गोव्याचे ठरते. पुढील शतकांत संताची आकृती जाऊन क्रूस आला, क्रूसाच्या कोनांत साल लिहिले जाऊ लागले, आणि बारा अशरफींपर्यंतची सोन्याची नाणी निघाली. एकोणिसाव्या शतकातही अशी नाणी पडत होती.

आणि अगदी खालच्या टोकाला बझरुक. तांब्याचे, कथिलाचे, हलक्या मिश्रधातूचे, गोरगरिबांच्या भाजीपाल्याचे नाणे. सोन्याच्या मागे धावणारा संग्राहक सहसा याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. द कुन्हा यांनी त्याला सोन्याच्याच रांगेत जागा दिली, ही त्यांच्या अभ्यासाची प्रत म्हणावी लागेल. सोन्याच्या नाण्यावरून राज्याचा तोरा कळतो. बझरुकात कथील किती वाढले यावरून त्या राज्याची तिजोरी कळते.

हे सारे संशोधन त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले आणि 1880 मध्ये ते हिंदी-पोर्तुगीज नाणेशास्त्रावरील ग्रंथाच्या रूपाने मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लिस्बनमध्ये तैशेरा द आरागांव यांच्या पोर्तुगीज नाण्यांवरील भल्यामोठ्या ग्रंथाचा तिसरा खंड बाहेर पडला. त्यात हिंदुस्थानातील नाणी होती. आरागांव हेही पेशाने डॉक्टर, सैन्यातले. दोन टोकांना बसलेल्या दोन डॉक्टरांनी एकाच वर्षी एकच विषय हातावेगळा करावा, ही गंमतच आहे. आरागांव यांच्यामागे लिस्बनचे सरकारी दफ्तर होते. द कुन्हा यांच्यामागे मुंबईचा सराफबाजार, कोकणातील ओळखी आणि स्वतःची कमाई. नाणे कोणत्या बाजारात, इतर कोणत्या नाण्यांसोबत चालत होते हे कळायला दुसरी बैठक अधिक उपयोगी होती.

1880 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. गोव्याची टांकसाळ 1869 मध्ये बंद झाली होती. 1871 सालची तांब्याची नाणी लिस्बनहून पाडून आणली गेली. मग 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. या कराराने मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा केला, गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आणले, आणि नाणीही बांधून टाकली. गोव्याचे नाणे यापुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्याच वजनाचे, त्याच कसाचे आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत पडणार होते. 1881 चा तो रुपया पोर्तुगालच्या राजा लुईशच्या मुद्रेचा आहे. हातात घेतला तर मात्र तो व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचा सख्खा भाऊ. जुन्या हिशेबात अशरफी तीनशे रैशांची आणि रुपया दोन अशरफींचा, म्हणजे सहाशे रैशांचा. नव्या हिशेबात सोळा तंगांचा रुपया, नऊशे साठ रैशांचा. साडेतीनशे वर्षे चाललेली अशरफी हिशेबातून उठली. पेडण्याच्या बाजारातल्या दुकानदाराला हा नवा हिशेब अंगवळणी पाडायला किती त्रास झाला असेल, याची कल्पना दशमान पैसे आले तेव्हाच्या आठवणी सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना सहज येईल.

म्हणजे द कुन्हा ज्या वर्षी गोव्याच्या नाण्यांचा इतिहास छापत होते, त्याच सुमारास त्या इतिहासाचे शेवटचे पान उलटले जात होते. चलनातून बाद झालेले नाणे फार दिवस राहत नाही. चांदी-सोने असेल तर ते धातूच्या भावाने विकले जाते. पुस्तक आणखी वीस वर्षांनी निघाले असते तर त्यातील कितीतरी नाणी ताडायला उरलीच नसती.

हे केवळ गोव्यात घडत नव्हते. त्याच दशकात युरोपात जर्मनीचे असेच चालले होते. 1871 पर्यंत जर्मनी म्हणजे लहानमोठ्या राज्यांचा आणि मुक्त शहरांचा पसारा. बव्हेरिया, बाडेन, सॅक्सनी, हांबुर्ग अशा प्रत्येकाची वेगळी नाणी. बाडेन आणि बव्हेरिया तर ऱ्हाईन नदीच्या वाळूतून चाळून काढलेल्या सोन्याचे डुकाट पाडीत. नदीचे सोने जेमतेम, म्हणून नाणी थोडी, आणि म्हणून आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. 1871 आणि 1873 च्या कायद्यांनी साऱ्या जर्मनीला एकच मार्क मिळाला. छोट्या राजांचे समाधान म्हणून सोन्याच्या वीस मार्कांवर एका बाजूस त्यांचे मुखवटे छापू दिले. दुसऱ्या बाजूस साम्राज्याचा गरुड. रॉईससारख्या चिमुकल्या संस्थानाचे वीस मार्क 1875 मध्ये अवघे दीडेक हजार पडले. 1881 च्या गोव्याच्या रुपयाची तऱ्हा याहून निराळी नाही: मुखवटा आपल्या राजाचा, वजन आणि कस शेजारच्या मोठ्या सत्तेचा. फरक इतकाच, की जर्मन राज्यांच्या जुन्या सोन्याची नोंद ठेवायला प्रत्येक राजधानीत दरबारी नाणेसंग्रह होते, अभ्यासक होते, लिलावांच्या छापील याद्या होत्या. गोव्यात तसे काहीच नव्हते. ते काम एका माणसाने रोगी तपासून उरलेल्या वेळात केले.

जर्मनांचा आणि गोव्याच्या बाजाराचा संबंध तसा जुना आहे. आउग्सबुर्ग शहरातील वेल्झर वगैरे सावकारांनी 1505 च्या पोर्तुगीज आरमारातच पैसा गुंतवला होता. त्याच शतकाच्या अखेरीस फुगर-वेल्झर पेढ्यांचा प्रतिनिधी फर्दिनांद क्रोन गोव्यात येऊन राहिला आणि मिरीच्या व्यापारात गबर झाला. युरोपातून येणारे सोने-चांदी गोव्याच्या टांकसाळीत वितळून पुन्हा नवे नाणे होई. गोव्याच्या एखाद्या सांव तोमेमध्ये कुठल्या देशाचे सोने मिसळले आहे, हे सांगणे म्हणूनच अशक्य.

द कुन्हा यांचा स्वतःचा संग्रह हजारो नाण्यांचा होता आणि तो पोर्तुगीज नाण्यांपुरता नव्हता. 1888-89 मध्ये त्यांनी त्याची सूची भागाभागांनी छापली. आपल्या घरातील कपाटात काय आहे ते जगाला छापून सांगणे हे संग्राहकाच्या स्वभावाविरुद्धचे काम. बरेचसे संग्राहक लपवतात; चोरीची भीती असते, आणि दुर्मीळ नाणे कोठून मिळाले ते दुसऱ्याला कळू नये असेही वाटते. पण संग्रह कोणाचाही असो, तो एका पिढीपुरता असतो. मालक गेला की वाटण्या होतात, विक्री होते. सूची छापलेली असली म्हणजे नाणी कुठेही गेली तरी काय होते ते कळते. रोग्याची टिपणे लिहून ठेवणाऱ्या डॉक्टराला हे सांगावे लागले नसावे.

नाणी जमवणाऱ्याविषयी एक गैरसमज असतो, की तो जगापासून तुटलेला, भिंगातून पाहणारा एकांडा जीव. द कुन्हा तसे मुळीच नव्हते. फ्लॉरेन्सचे संस्कृत पंडित आंजेलो द गुबर्नातिस 1885 मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचे स्नेही आणि मार्गदर्शक द कुन्हाच होते. पुढे फ्लॉरेन्समध्ये उभ्या राहिलेल्या हिंदी वस्तुसंग्रहालयाला या मैत्रीचा हातभार लागला. 1886 मध्ये मुंबईत मानववंशशास्त्राची संस्था निघाली, तिच्याही कामात ते होते. 1881 मध्ये त्यांनी कोकणी भाषा आणि तिच्या वाङ्मयावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्यातील भाषाविषयक मतांवर गोव्यात आजही दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे आणि ते येथे बाजूलाच ठेवलेले बरे. एवढे मात्र खरे, की कोकणीतील जुन्या ग्रंथांचा व्यवस्थित आढावा घेणाऱ्या आरंभीच्या लोकांत त्यांची गणना करावी लागते.

त्यांच्या कामात उणिवा नाहीत असे नाही. स्थळनामांच्या व्युत्पत्ती लावताना त्यांची लेखणी सैल सुटते. एखाद्या शब्दाचा दुसऱ्याशी नाद जुळला की ते लगेच नाते जोडून मोकळे होतात. इतिहास सांगता सांगता ते आडवाटेला जातात आणि तिथेच रमतात. 'मुंबईची उत्पत्ती' या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात हा दोष भरपूर आहे. तरी ज्या आडवाटा त्यांनी धुंडाळल्या, त्या नंतरच्या लेखकांनी गुपचूप वापरल्या. नाण्यांच्या पुस्तकाचा विषय पोर्तुगीज मुद्रेची नाणी हा असल्याने तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींवरच त्याचा भर राहणे स्वाभाविक होते. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत पोर्तुगीज अंमल येण्याआधी आणि नंतरही कोणते नाणे कसे चालले, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहिला. शापोऱ्याच्या उत्तर तीरावरून पाहणाऱ्याला ही उणीव लगेच जाणवते. मांद्र्याचे भाऊ दाजीही या बाबतीत कामाचे नाहीत. त्यांची नजर गुप्त आणि क्षत्रप काळावर, हजार-पंधराशे वर्षे मागे. आपल्या गावच्या पेठेतला कालपरवाचा पैसा दोन्ही डॉक्टरांच्या नजरेतून सुटला.

शेवटची वर्षे मुंबईत सोपी नव्हती. 1896 मध्ये प्लेगने शहर ग्रासले. लोक शहर सोडून पळू लागले, गोवेकर गावी परतू लागले, दवाखाने ओसंडून वाहू लागले. वैद्यकीय पेशातील माणसाला त्या काळी इतिहासासाठी किती वेळ उरला असेल याचा अंदाज करता येतो. तरीही 'मुंबईची उत्पत्ती' पुरी झाली. 1900 मध्ये ती एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, डॉ. जेर्सन द कुन्हा यांचे निधन झाले.

त्यांची मुंबईची आणि चौल-वसईची पुस्तके विसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत पुन्हा छापली गेली. गोव्याच्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही 1880 च्या त्यांच्या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. पणजीत टपाल कचेरीच्या परिसरात कासा द मोएदा, म्हणजे टांकसाळीचे घर, अजून उभे आहे. त्याच्यासमोरून रोज शेकडो लोक जातात. आणि पेडण्यात एखाद्या लग्नात आजीच्या ठेवणीतली पुतळ्यांची माळ बाहेर निघाली, तर एकेक पुतळी उलटून पाहावी. बहुतेक सोनाराच्या ठशाची निघेल. परंतु एखादीवर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि भोवती लॅटिन अक्षरे नीट वाचता आली, तर ती मोडीत देण्याची घाई करू नये.